पेशंट हलवला, पेशंटला गोळी दिली: एका नर्सच्या जर्मन वहीतली द्वितीया आणि चतुर्थी

‘इश हेल्फे डेन पात्सिएंटन.’
‘इश वाशे डेम पात्सिएंटन.’
‘इश गेबे डेन पात्सिएंटन डी टाब्लेटे.’

वहीच्या एकाच पानावर लागोपाठ आलेली ही तीन वाक्यं. लिहिणारीला म्हणायचं होतं: मी पेशंटला मदत करते, मी पेशंटला आंघोळ घालते, मी पेशंटला गोळी देते. तिन्हींत घोटाळा एकाच जागी आहे, पात्सिएंटनच्या आधीच्या इवल्याशा शब्दात. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात डेम (चतुर्थी) हवं होतं, दुसऱ्यात डेन (द्वितीया). तिनं बरोबर उलटं लिहिलं.

हे पान एखाद्या जर्मन माणसासमोर ठेवलं, तर तो पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यावर बोटही ठेवणार नाही. डेन हे रूप अनेकवचनाच्या चतुर्थीचंही असतं, आणि पात्सिएंटचं अनेकवचन पात्सिएंटनच होतं. त्यामुळे तो सरळ वाचेल: ‘मी पेशंटांना मदत करते’, ‘मी पेशंटांना गोळी देते’. व्याकरण चोख, फक्त एका पेशंटचे अनेक झाले. दुसरं वाक्य वाचून तो पुढच्या शब्दाची वाट बघेल, कारण जर्मन कानाला ते अर्धवट वाटतं: पेशंटचं काय धुतेस, पाठ की पाय? म्हणजे तीनपैकी एकही वाक्य सरसकट काट मारावी असं नाही, आणि एकातूनही तिला म्हणायचं ते पोचत नाही. असल्या चुका आपोआप दुरुस्त होत नाहीत. समोरचा संदर्भावरून समजून घेतो, मान डोलावतो आणि कामाला लागतो. चूक तशीच मुरते.

वही एका स्टाफ नर्सची. मूळची सांगलीकडची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, पुण्यातल्या एका हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डात काम केलेली. माझ्या जर्मनच्या वर्गात सगळे तिला सिस्टरच म्हणत, म्हणून इथंही सिस्टरच. पुण्यात जर्मन म्हणजे पूर्वी आठवीला संस्कृतऐवजी घेतलेला विषय, नाहीतर एमएसला जायचं म्हणून मॅक्सम्युलर भवनात लावलेला क्लास. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि वर्गातल्या बाकांवर नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर दिसू लागले. या मंडळींना भाषा हौसेसाठी नको असते. नर्सचं शिक्षण तिकडे मान्य व्हायचं तर सहसा भाषेची बी-टू पातळी (सहांपैकी चौथी) लागते, आणि पहिल्या दिवसापासून पेशंटच्या नोंदी जर्मनमध्ये लिहाव्या लागतात.

सिस्टरचं बाकी सगळं छान होतं. शब्दसंग्रह वर्गात सगळ्यांत मोठा. क्रियापदाचे शेवट बरोबर. बोलायची भीती नाही. आणि अभ्यासपुस्तकातल्या गाळलेल्या जागाही ती जवळपास अचूक भरत असे. मग वहीत असं का?

गाळलेल्या जागांचं उत्तर सोपं आहे. धड्याचं नावच ‘डाटिव’ म्हणजे चतुर्थी असलं, की सगळ्या जागांत डेम आणि डेर भरत जायचं. वाक्य वाचायचीही गरज नाही. पुढचा धडा ‘अकुझाटिव’, म्हणजे द्वितीया, तिथं डेन. अशा सरावातून मुलं रूपं शिकतात, निवड शिकत नाहीत. माझ्या मते या दोन विभक्ती वेगवेगळ्या धड्यांत शिकवणं ही जर्मनच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांची मोठी उणीव आहे, निदान मराठी मुलांपुरती तरी.

दुसरं कारण जरा लपलेलं आहे. पुल्लिंगी नामाचं उपपद प्रथमेत डेर, द्वितीयेत डेन, चतुर्थीत डेम. स्त्रीलिंगी डी, डी, डेर. नपुंसकलिंगी डास, डास, डेम. नीट बघा: स्त्रीलिंगात आणि नपुंसकलिंगात द्वितीया प्रथमेसारखीच. म्हणजे जर्मन द्वितीया दिसते ती फक्त पुल्लिंगी एकवचनात. सिस्टरच्या रोजच्या वस्तू कोणत्या? गोळी म्हणजे टाब्लेटे, स्त्रीलिंगी. इंजेक्शन म्हणजे श्प्रित्से, स्त्रीलिंगी. औषध म्हणजे मेडिकामेंट, नपुंसकलिंगी. या शब्दांची द्वितीया काही न कळताही बरोबर येते, म्हणून तिला आणि तपासणाऱ्यालाही वाटत राहतं की द्वितीया आली. ती आली की नाही हे कळायला पुल्लिंगी शब्दच समोर ठेवावे लागतात: डेर फेरबांट म्हणजे बँडेज, डेर ब्लूटड्रुक म्हणजे बीपी, डेर आर्त्स्ट म्हणजे डॉक्टर. आणि अर्थातच डेर पात्सिएंट. हा शब्द तर अडचणीत भर घालणारा. प्रथमा सोडली की त्याला सगळीकडे ‘न’ लागतो, त्यामुळे शब्दाच्या शेवटाकडे बघून काही कळत नाही. सगळा भार त्या डेन-डेमवर.

मी तिला तिन्ही वाक्यांबद्दल विचारलं, तेव्हा तिनं दिलेलं उत्तर असं होतं: “मॅडम, तिन्हीकडं ‘पेशंटला’च आहे की. मग कुठं कुठलं ते कसं कळणार?”

यात तिचा काही दोष नाही. शाळेच्या व्याकरणात आपण विभक्तीचा तक्ता घोकतो: द्वितीया, स-ला-ते, चतुर्थी, स-ला-ते. प्रत्यय तेच. फरक अर्थावरून ओळखा म्हणतात, आणि परीक्षेपुरता तो ओळखताही येतो. पण जीभ तो फरक कधी करत नाही. मला, तुला, त्याला, तिला, त्यांना: जर्मनमध्ये यांतल्या प्रत्येकाला दोन-दोन जोड आहेत. मला म्हणजे मिश किंवा मीर, त्याला म्हणजे ईन किंवा ईम. फक्त ‘आम्हाला’ आणि ‘तुम्हाला’ (मित्रमंडळींतलं अनेकवचनी) इथं जर्मनही आपल्यासारखीच, उन्स आणि ऑइश, दोन्ही विभक्तींना एकच. तेवढाच दिलासा.

संस्कृत घेतलेल्या मुलांना इथं बरं पडतं. ‘रामं पश्यामि’ आणि ‘रामाय फलं ददामि’ हे त्यांच्या तोंडात बसलेलं असतं. सिस्टरनं संस्कृत घेतलं नव्हतं.

जर्मन मुलांना त्यांच्या शाळेत एक युक्ती शिकवतात. वाक्याला प्रश्न विचारायचा: वेन? की वेम? वेन आलं तर द्वितीया, वेम आलं तर चतुर्थी. द्वितीयेचं घरगुती नावच ‘वेन-वाली विभक्ती’ आणि चतुर्थीचं ‘वेम-वाली’. आपल्याकडचे शिक्षकही ही युक्ती मोठ्या विश्वासानं पुढे ढकलतात. पण वेनचं मराठी ‘कोणाला’, आणि वेमचंही ‘कोणाला’. कोणाला मदत करते? पेशंटला. कोणाला आंघोळ घालते? पेशंटला. प्रश्न आणि उत्तर दोन्हीकडून सारखंच. ज्याला आधीच जर्मन येतं त्याच्याच उपयोगाची ती युक्ती. इंग्रजीच्या वाटेनं जावं तर तिथंही ‘हिम’ एकच.

मग एका दुपारी मी जर्मन बाजूला ठेवायला सांगितलं. म्हटलं, ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला जशी ओव्हर देता, तशी मला मराठीत द्या. वॉर्डात बोलता तश्शी, पुस्तकी नको. तिनं एका दमात दिली. ती मी फळ्यावर लिहून काढली:

“सहा नंबरचा पेशंट सकाळी आयसीयूतनं वॉर्डात घेतला. नऊला डाव्या कुशीवर वळवला. पेशंटला आठची गोळी दिली, सलाईन लावलं. पायाचं ड्रेसिंग केलं. दहाला खुर्चीत बसवला. पेशंटला मळमळत होतं, म्हणून परत निजवला. दुपारी एक्स-रेला नेला.”

आता यात पेशंट कुठं नुसता आला आहे आणि कुठं ‘ला’ लावून, ते बघा. घेतला, वळवला, बसवला, निजवला, नेला: इथं नुसता पेशंट. गोळी दिली, सलाईन लावलं, मळमळत होतं: इथं पेशंटला. आणि हीच वाक्यं जर्मनमध्ये नेली, की नुसत्या पेशंटच्या जागी प्रत्येक वेळी डेन येतं, ‘पेशंटला’च्या जागी प्रत्येक वेळी डेम. एकही अपवाद नाही. सिस्टरला हवा असलेला भेद ती रोज संध्याकाळी ओव्हर देताना न चुकता करत होती.

‘पेशंटला वळवलं’ असंही म्हणता येतं, वर्गातल्या एकानं लगेच काढलं. येतंच. मराठीत माणूस कर्म असला की ‘ला’ लावायची सवय आहे, आणि त्या सवयीमुळेच द्वितीया चतुर्थीसारखी दिसायला लागते. म्हणून कसोटी अशी नाही की ‘ला’ आहे का. कसोटी अशी, की ‘ला’ काढून टाकता येतो का. ‘पेशंट वळवला’ चालतं, म्हणून द्वितीया. ‘पेशंट गोळी दिली’ म्हणून बघा. वर्गच हसला. तिथं ‘ला’ निघत नाही, म्हणून चतुर्थी.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. ही कसोटी ‘पेशंट’ या शब्दावर लावायची, आजोबांवर नाही. ‘आजोबा खुर्चीत बसवले’ म्हणजे आजोबांचा गणपती झाला. आदराची माणसं ‘ना’ सोडत नाहीत. वॉर्डाच्या बोलीत पेशंट जरा वस्तूसारखा वागवला जातो, आणि व्याकरणाला नेमकं तेच सोयीचं पडतं. ज्यांना वॉर्ड माहीत नाही त्यांनी माणसाच्या जागी खोकं ठेवून बघावं: खोकं उचललं, खोकं ढकललं, खोकं आणलं. ‘ला’ गळाला, द्वितीया.

याच्या मुळाशी काय आहे तेही सिस्टरच्या लक्षात आलं, आणि ते शाळेतलंच निघालं: कर्मणी प्रयोग. भूतकाळात क्रियापद कुणाच्या मागे जातं? पेशंटला गोळी दिली, पेशंटला गोळ्या दिल्या, पेशंटला औषध दिलं. क्रियापद गोळीच्या, गोळ्यांच्या, औषधाच्या मागे गेलं. पेशंट बाई असो की बुवा, त्याच्याकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. पण पेशंट वळवला, बाई असेल तर पेशंट वळवली. क्रियापद ज्याच्या मागे जातं ते जर्मनमध्ये द्वितीयेत. जर्मन कर्मणी वाक्यातही हेच दिसतं. द्वितीयेतलं नाम तिथं उठून कर्त्याच्या जागी बसतं, ‘डेर पात्सिएंट वुर्डे गेवाशन’. चतुर्थीतलं नाम जागचं हलत नाही, ‘डेम पात्सिएंटन वुर्डे गेहोल्फन’. मराठीतही पेशंट हलवला गेला, पण पेशंटला मदत केली गेली. दोन भाषांचं एवढं मेतकूट फार ठिकाणी जमत नाही, तेव्हा जमलेल्या जागी त्याचा फायदा घ्यावा.

आता आंघोळ. ‘पेशंटला आंघोळ घातली’ यातला ‘ला’ काढता येत नाही. मग कसोटीप्रमाणे चतुर्थी, आणि सिस्टरनं लिहिलेलं ‘इश वाशे डेम पात्सिएंटन’ बरोबर ठरायला हवं. ठरत नाही. ‘वाशन’ला द्वितीया लागते.

याचं कारण ‘आंघोळ घालणे’ या क्रियापदाच्या घडणीत आहे. ते खरं तर दोन शब्दांचं. आंघोळ हे नाम कर्माच्या जागेवर आधीच बसलं आहे (आंघोळ घातली, क्रियापद तिच्या मागे गेलं), म्हणून पेशंटला बाजूला सरकून ‘ला’ घ्यावा लागतो. जर्मनमध्ये ‘वाशन’ एकसंध क्रियापद. कर्माची जागा मोकळी, तिथं पेशंट बसतो. मराठीत अशी जोडक्रियापदं पावलोपावली: फोन करणे, हाक मारणे, आधार देणे, प्रश्न विचारणे, भेट देणे. जर्मनमध्ये या प्रत्येकाला एक-एक क्रियापद आहे, आनरूफन, रूफन, उंटरश्ट्युत्सन, फ्रागन, बेझूखन, आणि ही पाचही द्वितीया घेतात. सिस्टर या पाचहीना डेम लावत होती. चूक नियमित होती, म्हणजे चुकीला बुद्धी होती.

पण मदत करणे, उत्तर देणे आणि धन्यवाद देणे हीही जोडक्रियापदंच आहेत, आणि त्यांची जर्मन जोडीदार हेल्फन, आंटवोर्टन, डांकन मात्र चतुर्थीच घेतात. इथं कसोटीचा निकाल योगायोगानं बरोबर येतो. तेव्हा नाम अधिक करणे, देणे, घालणे, मारणे अशी रचना दिसली की कसोटीवर विसंबायचं नाही, जर्मन क्रियापद माणसासकट पाठ करायचं. सिस्टरनं वहीच्या शेवटी त्यासाठी एक पान राखलं. नुसतं ‘आनरूफन’ नाही, ‘डेन आर्त्स्ट आनरूफन’. नुसतं ‘हेल्फन’ नाही, ‘डेम पात्सिएंटन हेल्फन’. अर्थावरून विभक्ती ठरत नाही याचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा याच पानावर आहे: ‘इश हेल्फे डेम पात्सिएंटन बाइम वाशन’ आणि ‘इश उंटरश्ट्युत्से डेन पात्सिएंटन बाइम वाशन’. दोन्हींचा अर्थ पेशंटला आंघोळीत मदत करते. जर्मन वॉर्डात दोन्ही वाक्यं रोज लिहिली जातात. एकात डेम, दुसऱ्यात डेन. का, याचं शिकणाऱ्याच्या कामी येईल असं उत्तर नाही.

आनरूफनबद्दल एक गंमत. प्रमाण जर्मनमध्ये त्याला द्वितीया, पण जर्मनीच्या नैर्ऋत्येला आणि स्वित्झर्लंडमध्ये बोलताना लोक सर्रास चतुर्थी वापरतात. श्टुटगार्टकडचा माणूस ‘मी तुला फोन करतो’ म्हणताना डिशऐवजी डीर म्हणेल. बाडेन-व्युर्टेमबर्ग नेमकं तिथंच. म्हणजे परीक्षेत जी चूक म्हणून सिस्टरचा गुण कापला जाईल, ती तिथल्या कँटीनमध्ये कुणाच्या कानालाही टोचणार नाही. बर्लिनच्या बोलीत तर मीर आणि मिश यांची सरमिसळ इतकी प्रसिद्ध आहे, की त्यावर जर्मन लोकच विनोद करतात.

‘पायाचं ड्रेसिंग केलं’ हेही थोडं पाहण्यासारखं. शरीराच्या अवयवांबाबत आपण षष्ठी वापरतो: पेशंटची पाठ पुसली, पेशंटचं बीपी घेतलं. जर्मन इथं माणूस चतुर्थीत ठेवते आणि अवयव द्वितीयेत: ‘इश वाशे डेम पात्सिएंटन डेन र्‍युकन’, ‘इश मेसे डेम पात्सिएंटन डेन ब्लूटड्रुक’. सिस्टरला हे परकं वाटलं, तेव्हा मी विचारलं, लहानपणी आईला काय म्हणत होता? ‘मला वेणी घाल.’ माझी वेणी घाल नव्हे. मला चतुर्थी, वेणी द्वितीया. हे वाक्य जर्मनमध्ये शब्दाला शब्द ठेवून जातं. पट्टी बांधणं, सलाईन लावणं, इंजेक्शन देणं या सगळ्यांचा साचा हाच.

मळमळीचा तर प्रश्नच आला नाही. इंग्रजीच्या वाटेनं जर्मन शिकणारा इथं हमखास अडखळतो, कारण त्याला ‘मी थंड आहे’ असं म्हणावंसं वाटतं. मराठी माणसाला वाटत नाही. मला थंडी वाजते: मीर इस्ट काल्ट. मला चक्कर येते: मीर इस्ट श्विंडलिश. पेशंटला मळमळतंय: डेम पात्सिएंटन इस्ट युबेल. मला आवडलं: डास हाट मीर गेफालन. हा धडा इतरांना जड जातो, आपली मुलं तो जेवणाच्या सुट्टीआधी संपवतात. फक्त भूक आणि ताप वेगळे. ते जर्मनमध्ये माणसाजवळ ‘असतात’, इश हाबे हुंगर, इश हाबे फीबर, आणि तिथं कर्ता प्रथमेतच. आणि उकडतंय म्हणताना ‘इश बिन हाइस’ म्हणायचं नाही, मीरच म्हणायचं. का, ते वर्गात सांगितलं. इथं राहू दे.

पण विभक्तीचं दुसरं दार अजून उघडायचं होतं, आणि तिथं सिस्टर पुन्हा पहिल्यासारखीच अडली. ‘बेडवर ठेवला’ आणि ‘बेडवर आहे’. मराठीत दोन्हीकडे वर. ‘खोलीत नेला’ आणि ‘खोलीत आहे’, दोन्हीकडे त. जर्मनमध्ये आन, आउफ, हिंटर, इन, नेबन, युबर, उंटर, फोर, त्स्विशन ही नऊ शब्दयोगी अव्ययं अशी आहेत, की एखादी गोष्ट तिथं पोचत असेल तर द्वितीया, तिथं असेल तर चतुर्थी. जर्मन माणूस त्यासाठीही दोन प्रश्न ठेवतो, वोहिन आणि वो. आपल्याकडे पुन्हा एकच: कुठं. कुठं निघालास, कुठं आहेस.

इथं ओव्हरच्या त्याच फळ्यानं मदत केली. बसवला, निजवला, वळवला: सगळी प्रयोजक क्रियापदं. मराठीत बसणे आणि बसवणे, निजणे आणि निजवणे अशा जोड्या आहेत. जर्मनमध्ये अगदी तशाच: झित्सन आणि झेत्सन, लीगन आणि लेगन, श्टेहन आणि श्टेलन. ‘वणे’वालं क्रियापद असेल तर जागाही द्वितीयेत: इश झेत्से डेन पात्सिएंटन आउफ डेन श्टूल, पेशंटला खुर्चीवर बसवते. साधं असेल तर जागा चतुर्थीत: डेर पात्सिएंट झिट्स्ट आउफ डेम श्टूल, पेशंट खुर्चीवर बसलाय. एकच फट राहते. पेशंट आपणहून खुर्चीवर बसला, तर मराठीत साधं बसणंच, पण जर्मन तिथंही झेत्सनच वापरते, ‘स्वतःला बसवलं’ अशा थाटात, आणि जागा द्वितीयेत जाते. सिस्टर ही फट विसरते. अजूनही.

हालचाल म्हणजे द्वितीया, असं पुष्कळ वर्गांत शिकवतात. ते मला पटत नाही. एक वाक्य घ्या: ‘डेर पात्सिएंट लॉइफ्ट आउफ डेम फ्लूर.’ पेशंट कॉरिडॉरमध्ये चालतो आहे. हालचाल आहे, तरी चतुर्थी, कारण तो कॉरिडॉरमध्येच आहे आणि तिथंच फेऱ्या मारतो आहे. ऑपरेशननंतर त्याला चालवायला सुरुवात केली, ही चांगली बातमी. आता डेमचं डेन करा: ‘आउफ डेन फ्लूर.’ पेशंट खोलीतून निघून कॉरिडॉरमध्ये गेला. रात्री तीनची नोंद असेल आणि पेशंट विसरभोळा म्हातारा असेल, तर सकाळची पाळी हे वाक्य वाचून वेगळीच धावपळ करेल. डेन-डेम चुकलं तरी लोक समजून घेतात हे खरंच आहे. पण ही जागा अशी, की समजून घेणाऱ्यालाही चूक झाल्याचं कळणार नाही, कारण दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत.

हालचालीचा नियम आणखी एका ठिकाणी दगा देतो. ‘एक्स-रेला नेला’ हे सिस्टरनं लिहिलं ‘त्सू डास र्‍योंटगन’. नेला म्हणजे हालचाल, म्हणून द्वितीया. पण त्सू हे त्या नवांतलं नाहीच. आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू यांच्यामागे कायम चतुर्थी, माणूस धावत असो की झोपलेला. त्सू आणि डेम मिळून त्सुम होतं. म्हणून ‘त्सुम र्‍योंटगन’. डुर्श, फ्युर, गेगन, ओने, उम यांच्यामागे कायम द्वितीया. इथं समजून घेण्यासारखं काही नाही. पाढे पाठ केले तसं पाठ करावं आणि पुढे जावं. सिस्टरनं हे दोन्ही गट बसमध्ये येता-जाता पाठ केले.

बी-वनच्या लेखी परीक्षेपर्यंत तिची डेन-डेमची निवड बहुतेक जागी बरोबर येऊ लागली. लिहिताना तिचे ओठ हलतात. आधी मराठीत ‘ला’ काढून बघते, मग लिहिते. बोलताना तेवढा वेळ नसतो, तेव्हा ती दोन्हींच्या मधलं काहीतरी पुटपुटते. जर्मन माणसंही घाईत डेन आणि डेम अर्धे गिळतात, त्यामुळे तोंडी परीक्षेत ते खपून जातं. खरी उरलेली अडचण बाई पेशंटची आहे. पात्सिएंटिन स्त्रीलिंगी, चतुर्थीत तिचं उपपद डेर होतं, आणि पुल्लिंगी प्रथमेचा डेर इतका डोक्यात बसलेला असतो, की ‘डेर पात्सिएंटिन’ लिहिताना हात थांबतो. निवड बरोबर झालेली असते, रूपच लिहवत नाही. त्याला युक्ती नाही, लिहून लिहून हात सुटेल.

बी-टूला संबंधी वाक्यं सुरू झाली, तेव्हा तिनं फळ्याकडे येऊन आपणहून दोन ओळी लिहिल्या. ‘जो पेशंट हलवला’: डेर पात्सिएंट, डेन इश फेरलेक्ट हाबे. ‘ज्या पेशंटला गोळी दिली’: डेर पात्सिएंट, डेम इश डी टाब्लेटे गेगेबन हाबे. मागच्या बाकावरच्या इलेक्ट्रिशियननं विचारलं, मग ‘ज्या पेशंटचा रिपोर्ट आला नाही’ त्याचं काय? त्याचं डेसन. ती षष्ठी, आणि तिची कटकट वेगळी.